सुट्या दगडाचं गाव

पन्हाळा म्हटलं की तीन दरवाजा आठवतो, सज्जाकोठी आठवते, सिद्दी जौहरचा वेढा आणि पावनखिंडीची वाट आठवते. भूशास्त्रात मात्र पन्हाळा हे लाव्हाच्या थरांच्या एका गटाचं नाव आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा एकावर एक साचत गेला. त्यातल्या वरच्या थरांची अभ्यासकांनी गटवारी केली आणि सह्याद्रीतल्या गावाघाटांची नावं त्यांना दिली. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि महाबळेश्वरच्या वर पन्हाळा. आपल्या गडाचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत असं छापलं जातं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

डोळ्याला हे सगळे थर एकसारखेच, काळा कातळ, म्हणजे बसाल्ट. वेगळेपण कळतं ते प्रयोगशाळेत. टायटॅनियम किती, बेरियम किती, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचं, प्रमाण काय, यांवरून प्रत्येक गटाची ठेवण निराळी निघते. ही ठेवण तपासत संशोधक पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले. तिथे बंगालच्या उपसागराजवळ, गोदावरीच्या काठी, अशाच काळ्या दगडाचा एक एकाकी पट्टा आहे. त्याचं रसायन सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळलं. सुमारे हजार किलोमीटर वाहत गेलेला लाव्हा! मधला दुवा आज कुठेही दिसत नाही, तरी त्या दगडाचं मूळ गाव सापडलं.

मी भूशास्त्र शिकले आणि आता कोल्हापुरात भूगोल शिकवते. मुलांना पन्हाळ्याच्या चढावर नेते तेव्हा हातोडी पिशवीतून काढण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावते. हा दगड जागेवरचा, की सुटा? जागेवरचा म्हणजे मूळ थराला धरून असलेला. सुटा म्हणजे वरून घरंगळत आलेला, ओढ्याने आणलेला, नाहीतर रस्त्याच्या कामासाठी डंपरने ओतलेला. सुट्या दगडातही खनिजं असतात, वय असतं, रसायन असतं. त्याला पत्ता तेवढा नसतो. आणि पत्ता नाही म्हटल्यावर त्याच्या खाली काय होतं, वर काय होतं, आधी कोण आणि नंतर कोण, हे सगळंच हातचं जातं. सुट्या दगडावर नकाशा काढता येत नाही.

अशाच एका फेरीत कागलकडच्या एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, मी वाचलोय, मंगळावरचं दगडबी पृथ्वीवर पडल्यात म्हणं. मग ते समदं सुटंच की! मंगळावरनंच आल्यात हे कशावरनं म्हणायचं?’’

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर मात्र चढावर उभ्याउभ्या देऊन संपण्यासारखं नव्हतं. जमलं तेवढं तिथे सांगितलं, राहिलेलं इथे लिहिते आहे.

सुरुवात आपल्याच देशातून करायला हवी. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या गया भागात, शेरघाटीजवळ, आकाशातून एक दगड पडला. वजन सुमारे ५ किलो. त्याचा मोठा भाग कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आहे. त्याआधी १८१५ मध्ये फ्रान्समधल्या शासिन्यी गावी एक पडला होता, आणि पुढे १९११ मध्ये इजिप्तमधल्या नखला इथे आणखी काही पडले. या तीन गावांवरून अशनींच्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांच्या, तीन जाती ठरल्या. त्यांतली सगळ्यांत मोठी जात शेरगोटाइट. मंगळाचे जे दगड आज माणसाच्या हातात आहेत त्यांतले बहुसंख्य बिहारमधल्या एका गावाच्या नावाने ओळखले जातात. आपल्या पदवीच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. डेक्कन ट्रॅपची व्याख्या घोकून घेण्यात तास जातात, त्यातली पाच मिनिटं शेरघाटीला द्यायला काय हरकत आहे?

दगड वाचायचा तर तो आधी पातळ करावा लागतो. काचपट्टीवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणला की काळाकुट्ट बसाल्टसुद्धा उजेड आरपार सोडतो. आपल्याकडच्या दगडाची अशी चकती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की एकमेकींत अडकलेल्या लांबट काड्या दिसतात. ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे खनिज. काड्यांच्या मधल्या जागा ऑगाइट या पायरॉक्सिन गटातल्या खनिजाने भरलेल्या. अधूनमधून काळे ठिपके, ते लोखंड आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांचे. मग वरचा ध्रुवक आत सरकवायचा, म्हणजे क्रॉस निकोल करायचे, आणि स्टेज हळूहळू फिरवायची. फेल्डस्पारच्या प्रत्येक काडीत करड्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात. एक पट्टी उजळते तेव्हा शेजारची विझते, अजून थोडं फिरवलं की उलटं. हे पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी डोळा काढायला तयार नसतो, मागची मुलं रांगेत ताटकळतात.

शेरघाटीच्या दगडात पायरॉक्सिन भरपूर आहे आणि त्याच्या सोबतीला फेल्डस्पारच्याच आकाराच्या काड्या आहेत. पण निकोल क्रॉस केले की त्या काळ्या पडतात. स्टेज कितीही फिरवा, उजळत नाहीत. आकार स्फटिकाचा आणि आत सगळी काच. व्हिएन्नाचे खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांनी १८७२ मध्ये या पदार्थाचं वर्णन केलं आणि त्याला मॅस्केलिनाइट हे नाव दिलं. त्याचं कारण उलगडायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला. आदळण्याचा जबरदस्त धक्का स्फटिकातून गेला की अणूंची मांडणी विस्कटते, बाहेरची चौकट मात्र तशीच राहते. हे बघायला कोलकात्याला जायची गरज नाही. बुलढाण्यातलं लोणारचं विवर आपल्याच बसाल्टमध्ये आघाताने झालेलं आहे, आणि तिथल्या धक्का खाल्लेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडतो. शिकत असताना मी लोणारची एक चकती पाहिली होती. ऑगाइटचे रंग जागच्या जागी होते आणि काड्यांच्या ठिकाणी नुसता अंधार. मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बसाल्टचा, आणि पृथ्वीवर बसाल्टमध्ये झालेली चांगली विवरं अगदी थोडी. म्हणून तर मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात.

धक्का बसला एवढं कळलं. तो कुठे बसला? पहिला संशय लघुग्रहांवर जातो, कारण बहुतेक अशनी तिथूनच येतात आणि त्यांचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास असतं. नखलाचं वय निघालं १.३ अब्ज वर्षं. बहुतेक शेरगोटाइट त्याहून तरुण, काही तर २० कोटी वर्षांच्याही आतले. लघुग्रह आकाराने लहान, केव्हाच गार झालेले. इतक्या अलीकडे त्यांच्यावर लाव्हा येणार कुठून? शिवाय या सगळ्या दगडांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं नातं एकमेकांशी जुळत होतं आणि पृथ्वीशी जुळत नव्हतं. घर एकच, मोठं, आणि अलीकडेपर्यंत आतून तापलेलं. मंगळाचं नाव घेतलं जाऊ लागलं, पण अनुमानापलीकडे गाडी जात नव्हती. दगड न वितळता मंगळावरून सुटेलच कसा, हीही शंका होती. तिथून निसटायला सेकंदाला ५ किलोमीटरचा वेग लागतो. पुढे एच. जे. मेलॉश यांनी गणिताने दाखवलं की आघाताच्या जागेभोवती अगदी पृष्ठभागालगतचे दगड तुलनेने कमी दाब सोसून मोठ्या वेगाने उडू शकतात.

खरा पुरावा आला तो दगडात कोंडलेल्या हवेतून. अंटार्क्टिकाच्या बर्फावर १९७९-८० च्या हंगामात सुमारे ८ किलोचा एक शेरगोटाइट मिळाला होता. त्याची नोंद ईईटीए ७९००१ अशी आहे. त्याच्या आत आघाताने वितळून क्षणात थिजलेल्या काळ्या काचेचे कप्पे आहेत. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती काच तापवली आणि सुटणारे वायू मोजले. आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांची प्रमाणं कशाशी जुळली? अमेरिकेच्या व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर उतरून मोजलेल्या तिथल्या हवेशी. हा निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडही त्याच हिशेबात बसले.

शिकवताना मी इथे दरवेळी रेंगाळते. व्हायकिंगचा गाजलेला हेतू मंगळावर जीवसृष्टी शोधण्याचा होता. तिथल्या मातीतून त्यांना जीवसृष्टीचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही आणि पुष्कळांची निराशा झाली. पण त्याच यानांनी जाता जाता हवेचं मोजमाप करून ठेवलं होतं. ते आकडे नसते तर त्या काचेतल्या वायूला नाव देता आलं नसतं. उलट तो दगड नसता तर ते आकडे एका तक्त्यात पडून राहिले असते. पुढे मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीने मंगळाच्या हवेतल्या आर्गॉन ३६ आणि आर्गॉन ३८ यांचं प्रमाण अचूक मोजलं. ते ४.२ निघालं. पृथ्वीच्या हवेत ते ५.३ च्या आसपास असतं. २०१३ मध्ये हा आकडा जाहीर झाला आणि अशनींबद्दल उरलीसुरली शंकाही मिटली.

ग्रह कळला, गाव मात्र कळलं नाही. आणि इथून पुढे गुंता वाढतो. १९९७ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर कक्षेत पोचलं, मग एकामागून एक यानं गेली, २०१४ मध्ये आपलं मंगळयान पोचलं. परावर्तित प्रकाश तपासून खनिजं ओळखणाऱ्या वर्णपटमापकांनी वरून खनिजांचे नकाशे काढले. बसाल्ट सगळीकडे दिसला, पण पृष्ठभागाचा मोठा भाग तीन अब्ज वर्षांहून जुना. हातातले बहुतेक दगड तर तरुण. जुन्या वस्तीतून आलेली सगळी पाहुणेमंडळी विशीतलीच निघावीत, तसा हा प्रकार. तरुण लाव्हा आहे तो मुख्यतः थार्सिस आणि एलिसियम या ज्वालामुखी प्रदेशांत, आणि थार्सिसचा मोठा भाग धुळीने झाकलेला. वरून पाहणाऱ्या उपकरणाला धुळीच्या पातळ थराखालचंही दिसत नाही. जिथून दगड आले असावेत, नेमकं तिथेच यानाला काही दिसत नव्हतं.

म्हणजे दोन साक्षीदार आहेत. अशनीला आपल्या पोटातलं सगळं ठाऊक आहे, वय, रसायन, पाण्याचा माग, पण गावाचं नाव सांगता येत नाही. यानाला गावंच्या गावं ठाऊक आहेत, पण कुठल्याही घरात शिरता येत नाही.

पाण्याच्या मागाचं एक उदाहरण मला फार आवडतं. नखलाच्या दगडांत ऑलिव्हिन या खनिजाच्या भेगांमध्ये गंजासारखी तपकिरी माती आहे. आपल्याकडच्या बसाल्टमध्येही ऑलिव्हिनच्या कडा अशाच तांबूस होतात. इजिप्तच्या मातीतल्या ओलाव्याने तसं झालं असेल, अशी शंका साहजिकच येते. पण वातावरणातून येताना दगडावर वितळलेलं काळं कवच चढतं, आणि या जातीच्या दगडांत तपकिरी शिरा त्या कवचाला भिडताना जळालेल्या, तुटलेल्या दिसतात. शिरा आधीच्या, कवच नंतरचं. दगड पडण्यापूर्वीच त्यातून पाणी फिरलं होतं. आधी कोण आणि नंतर कोण, हे ज्या युक्तीने आम्ही जोतिबाच्या डोंगरात ठरवतो, तीच इथे नखाएवढ्या तुकड्यात वापरलेली आहे.

अंटार्क्टिकात १९८४ मध्ये मिळालेल्या एएलएच ८४००१ या दगडाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्याच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. १९९६ मध्ये त्यात सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याचा दावा झाला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यावर भाषण केलं, आणि बहुतेक शास्त्रज्ञांना तो दावा पुढे पटला नाही. माझ्या दृष्टीने त्या दगडाचं मोल त्याच्या वयात आहे, ४.०९ अब्ज वर्षं. हाती आलेल्या जुन्या अग्निजन्य दगडांत तो जवळजवळ एकटाच आहे.

हाती जे येत नाही त्याकडे मुलांचं लक्ष मी मुद्दाम वेधते. मंगळावर गाळाचे थर आहेत. क्युरिऑसिटीला गेल विवरात जुन्या तळ्याचा चिखलदगड मिळाला. जेझेरो विवरात नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. पण अशनींमध्ये चिखलदगड नाही. तो मऊ, ठिसूळ. विवर करणाऱ्या आघातातून, अवकाशातल्या प्रवासातून आणि वातावरणातल्या भट्टीतून टिकतो तो कणखर लाव्हाचा दगड. आपल्याकडे आपोआप चालून आलेला संग्रह असा एका अंगाला झुकलेला आहे, आणि पाण्याच्या काठाचा इतिहास ज्या दगडात असतो तोच त्यात नाही. २०११ मध्ये मोरोक्कोतून आलेला ३२० ग्रॅमचा ‘ब्लॅक ब्यूटी’ थोडा वेगळा आहे. तो निरनिराळ्या जुन्या तुकड्यांचा सांधलेला दगड, त्यात ४.४ अब्ज वर्षांचे झिरकॉन या खनिजाचे कण आहेत, आणि त्याचं रसायन यानांनी पाहिलेल्या पृष्ठभागाशी पुष्कळ जवळचं आहे.

त्या दगडाची नोंद एनडब्ल्यूए ७०३४ अशी आहे. एनडब्ल्यूए म्हणजे वायव्य आफ्रिका, बस्स. वाळवंटात कुणीतरी उचलला, बाजारात हातोहात फिरला, आणि पृथ्वीवरची जागाही हरवली. असे शेकडो आहेत. दगड विकत घेऊन कपाटात ठेवण्याला माझा विरोध आहे तो याचसाठी. जिथे सापडला ती जागा नोंदवायला काहीच पडत नाही, आणि एकदा गेली की ती कशानेही परत मिळत नाही.

तरीही माणसं चिकाटीने गावं शोधत आहेत. अवकाशात असताना दगडावर वैश्विक किरणांचा मारा होतो, त्यावरून तो मंगळावरून कधी उडाला ते मोजता येतं. नखलासारखे सगळे साधारण १.१ कोटी वर्षांपूर्वी एकदमच निघाले. मग त्या काळात झालेलं, पुरेसं मोठं, योग्य वयाच्या जमिनीवरचं विवर शोधायचं. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या गटाने संगणकाकडून मंगळाच्या चित्रांतली सुमारे ९ कोटी छोटी विवरं मोजून घेतली आणि २०२१ मध्ये काही शेरगोटाइटांसाठी थार्सिसमधलं टूटिंग विवर सुचवलं. पुढच्या वर्षी ब्लॅक ब्यूटीसाठी कराथा विवर. २०२४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जवळपास दोनशे अशनींचा माग थार्सिस आणि एलिसियममधल्या पाच विवरांपर्यंत नेला. राजमहेंद्रीचा काळा दगड महाबळेश्वराला जोडणं आणि हे, दोन्हींत मला एकच जिद्द दिसते.

पर्सिव्हरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरोत उतरली. तिच्या एका उपकरणाची नीट जुळवणी करण्यासाठी ओमानच्या वाळवंटात सापडलेल्या मंगळाच्या अशनीची एक चकती तिच्यावर बसवलेली आहे. ज्याचं रसायन इथे काटेकोर मोजून झालं आहे, तो दगड तिथे कसोटीला ठेवला. मोजमापाच्या दृष्टीने याहून चोख व्यवस्था मला सुचत नाही.

जेझेरोतल्या एका गोष्टीने मी पुन्हा पन्हाळ्यावर येते. गडाच्या माथ्यावर काळा दगड संपून जांभा लागतो, मसाई पठारावरही तोच. बसाल्टवर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, सिलिका, चुना, सोडा धुऊन गेले, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. मंगळ लाल आणि जांभा लाल म्हणून दोन्ही एकच, असं लिहिलेलं मी वाचते तेव्हा ते पटत नाही. मंगळाची लाली मुख्यतः बारीक धुळीतल्या लोहाच्या ऑक्साइडांची आहे. तुलना करायचीच तर जांभ्याच्या खाली दिसणाऱ्या फिकट, पांढुरक्या मातीशी करावी. तीत केओलिनाइट हे मातीचं खनिज असतं, आणि ते दीर्घकाळ भरपूर पाणी झिरपल्याशिवाय सहसा होत नाही. पर्सिव्हरन्सला जेझेरोच्या जमिनीवर अशाच केओलिनाइटचे फिकट दगड विखुरलेले मिळाले. मंगळावर कधीकाळी दीर्घकाळ पाऊस पडला असेल, असं काही संशोधक त्यावरून म्हणू लागले आहेत. मात्र ते दगड तिथेही सुटेच आहेत. मूळ थर कुठला, ते अजून पक्कं नाही, आणि तोवर मी पावसाबद्दल ठाम बोलणार नाही.

जुलै २०२४ मध्ये त्याच गाडीला जुन्या नदीच्या पात्रात ‘चेयावा फॉल्स’ हा चिखलदगड मिळाला. त्यावर कडा गडद असलेले फिकट ठिपके आहेत, आणि त्या ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड असल्याचं दिसतं. पृथ्वीवर अशी खनिजं सूक्ष्मजीवांमुळे होतात, त्यांच्याशिवायही होऊ शकतात. त्याचा नमुना नळीत बंद आहे. सगळ्यांची नजर त्या नळीवर आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. नमुने परत आणण्याची अमेरिकेची योजना खर्चापायी अडली आहे. चीनची तियानवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास निघायची आहे, पण ती स्वतःचे नमुने घेणार.

मला विचाराल तर मी आधी दुसरी नळी उघडेन. पर्सिव्हरन्सने थ्री फोर्क्स नावाच्या सपाट जागेवर दहा नळ्या ठेवल्या आहेत. त्यांतल्या एकीत रोशेट या दगडातून सप्टेंबर २०२१ मध्ये काढलेला खडूएवढा तुकडा आहे. दगड लाव्हाचा असावा, जेझेरोच्या तळाचा, जागेवरचा. त्यात जीवसृष्टीची बातमी नसेल. पण मंगळावरच्या जमिनींची वयं आज विवरांच्या संख्येवरून काढतात (जितकी जास्त विवरं, तितकी जमीन जुनी), आणि त्या संख्येचं वर्षांत रूपांतर करायचं प्रमाण चंद्राकडून उसनं घेतलेलं आहे, कारण अपोलोच्या अंतराळवीरांनी दगड आणले ते जागा नोंदवून. मंगळावर क्युरिऑसिटीने चिखलदगडाचं वय जागेवरच काढलं, ते ४.२१ अब्ज निघालं, पण त्यात ३५ कोटी वर्षांचं मागेपुढे आहे, आणि ते मोजतं गाळातल्या कणांचं वय, तळं कधी होतं ते नाही. रोशेटचं वय एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत निघालं, तर जेझेरोच्या तळावरच्या विवरांच्या संख्येशी ते ताडून पाहता येईल, आणि उसन्या प्रमाणाच्या जागी मंगळाचं स्वतःचं प्रमाण येईल. टूटिंग बरोबर की चूक, कराथा बरोबर की चूक, ते मग तपासता येईल. कागलच्या त्या मुलीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग आणत का न्हाईत अजून?’’